चिमीची जागा

त्या साली पाऊस दोनदा येऊन गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही. धानाचे पऱ्हे, लावणीची रोपं, जागच्या जागी पिवळे पडले, रोवणी झाली नाही, आणि दिवाळीपर्यंत आमच्या घरातल्या कोठीचा तळ दिसू लागला. माय मोहफुलं उकडायची, त्यात मूठभर कण्या टाकायची आणि म्हणायची, "खा, गोड आहे." गोड होतंच ते, पण रोज रोज गोड खाऊन तोंडाला कंटाळा येतो हे मी तेव्हा शिकले. आमच्या आंबागडात, किल्ल्याच्या पायथ्याशी, एकच मोठा तलाव. तो आटून मधोमध डबकं उरलं, तेव्हा सरकारनं त्याच तलावाची पाळ उंच करायचं दुष्काळी काम काढलं. बा खोदायचा, माय टोपल्या वाहायची आणि नऊ वर्षांची मी मायच्या मागून लहान घमेलं डोक्यावर घेऊन चढायची. दुपारी दूरच्या खाणीतला सुरुंगाचा बार ऐकू आला की सगळे हात थांबायचे, मजुरांना वाटायच्या सुकडीची पोती सुटायची. तिचा तो भाजक्या पिठाचा वास मला आजही कुठं आला तर मी उभी राहते. खोटं कशाला सांगू, मला ते दिवस आवडले होते. पोट भरत होतं. मी घमेलं ओतायची आणि पायांनी माती दाबायची, वर नाचायची. बा एकदा ओरडला, "नाचू नको वो तठी!" बा कधी ओरडत नसे, म्हणून ते लक्षात राहिलं. का ओरडला, ते कळायला आठ वर्षं लागली.

त्याच्या दोन वर्षं आधी चिमी गेली होती. माझी धाकटी बहीण. दीड वर्षाची. बारशाचं नाव दुसरं काही ठेवलं असेल, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही आणि कुठं लिहिलेलंही नाही. चिमी म्हणजे चिमी. ती मला, कुसुमला, 'कुछुम' म्हणायची आणि माझ्या वेणीचं टोक तोंडात घालून झोपायची. तिला ताप भरला तेव्हा माय तिला पोटाशी बांधून माहेरी गेली, कारण माहेरच्या शिवेवर मेंढीमाय होती. लेकराच्या तापावर तिचा नवस चालतो असं त्या पट्ट्यातल्या साऱ्या बायका मानत. मायनं खण-नारळाचा नवस बोलला. नारळ मात्र त्या दिवशी जवळ नव्हता. ताप उतरला की आणीन, असं म्हणून ती परतली. ताप उतरला नाही.

लहान लेकरू आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बायका जात नाहीत. आईला तर जागाही सांगत नाहीत. आई तिथं जाऊन बसते, माती उकरते, पुढच्या लेकराकडे तिचं लक्ष लागत नाही, असं जुनी माणसं म्हणत. बा चिमीला लुगड्याच्या तुकड्यात घेऊन गेला आणि सूर्य कलायच्या आत परतला. माय ओट्यावर बसून वाट पाहत होती. तिनं पाहिलं की बा पाळीवरच्या मोठ्या मोहाच्या बाजूनं येतोय, त्याच्या खांद्यावर मोहाचं एक वाळकं पान आहे. त्या एका पानावरून तिनं जागा ठरवून टाकली. तेव्हापासून दरसाल दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेहून परतताना ती मोहाजवळ बैलबंडी थांबवायला लावायची. मंडईत घेतलेला खुळखुळा, एक जिलबी बुंध्याशी ठेवायची, हात जोडायची. बा बैलांचे कासरे धरून दुसरीकडे बघत बसायचा.

मी तुमसरच्या कॉलेजात गेले तेव्हा आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं, मुलगाही नव्हता. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, आणि तो मी लपवत नाही. पण त्या वयात अभिमान अंगात फार जोरात चढतो. इतिहासाच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत काम दिलं होतं : आपापल्या भागातल्या जुन्या कबरी, समाध्या, गाडलेले दगड पाहा, त्यांच्यावर काय लिहिलंय ते वहीत उतरवून आणा. मी घरी येऊन जाहीर केलं, तेव्हा माय म्हणाली, "दिवाळीचे दिवस अन् मढ्यायच्या गोठी! तुह्या मास्तरले दुसरं काही सुचलं नाई का?" बा मात्र हसला. म्हणाला, "मंडईले जाताच आहो आपून. वाटेनंच दावतो तुले सारे मेलेले."

मामाच्या गावची मंडई भाऊबीजेच्या मागोमाग असायची. गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, खाणींच्या पट्ट्यात. आम्ही पहाटेच बंडी जुंपली. मायनं तांदळाच्या भाकरी, वाळल्या झिंग्यांची चटणी आणि अनारसे बांधून घेतले होते. धुकं होतं, उतरत्या धानाचा वास होता, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ओल्या वाजत होत्या.

बानं पहिल्यांदा बंडी थांबवली ती किल्ल्याच्या उताराला, करवंदीच्या जाळीत. तिथं सात-आठ कबरी होत्या, कुणा शिपायांच्या म्हणत. चुना झडलेला, एकीच्या पोटातून सीताफळीचं झाड वर आलेलं. लिहिलेलं काही नव्हतं. मी वहीत तसं लिहिलं. पुढं नाल्याकाठी उभे दगड होते, एकावर घोडेस्वार कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र. मी हात लावणार तोच बा म्हणाला, "दुरूनच पाय. हे गोंडायचे मोठे माणसं आहेत. यायले पुसल्याबिगर हात नाई लावाचा."

"दगडाले काय पुसाचं बा?"

"दगडाले नाई. त्याच्या खालच्याले."

मला हसू आलं. कॉलेजात गेलेल्या मुलीला येतं तसं.

मेंढीमायजवळ पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. खाणीचे गोरे साहेब राहत त्या काळी त्यांचे बंगले तिथं होते. आता नुसते चौथरे आणि एका कुंपणाच्या आत पाच-सहा थडगी. त्यांतल्या सगळ्यांत लहान थडग्यावर दगडात कोरलेलं मेंढीचं पिल्लू बसलेलं होतं, पाय पोटाशी घेऊन. तीच मेंढीमाय. शेंदूर लावून लावून त्या पिल्लाचे डोळे बुजले होते. भोवती नारळाच्या करवंट्या, बांगड्या, खणांचे विटके तुकडे. मायनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकली. दहा वर्षांपूर्वीचा नवस तिनं तोंडानं कधी काढला नव्हता, पण दरवेळी इथं ती नारळ फोडायची. एक नाही, दोन. एक आजचा, एक तेव्हाचा राहिलेला.

पिल्लाच्या खाली, शेंदराच्या थराआड अक्षरं होती. मी बाटलीतलं पाणी ओतलं, नारळाची शेंडी घेतली आणि घासू लागले.

"आवो कुसमे! देवीच्या अंगाले हात नको लावू!"

"अक्षरं आहेत माय इथं."

"असू दे. कोप होते."

मी घासत राहिले. इंग्रजी होतं. एकेक शब्द लावत गेले आणि लागल्यावर मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणाले, "ही देवी नाही माय. हे मढं आहे. एका गोऱ्या साहेबाच्या पोरीचं. मेरी नाव होतं. दोन वर्षं, चार महिन्यांची होती. तापानं मेली."

हे वाक्य मी आज किती वेळा परत घेऊ पाहते. शिकलेली जीभ होती, ती चालवायची हौस होती, एवढंच. समोर माझी आई होती हे त्या क्षणी मला दिसलं नाही.

मायनं हातातला दुसरा नारळ खाली ठेवला. फोडला नाही. मग हळूच म्हणाली, "तापानं?"

"हो."

"म्हणजे हिचंच... हे सोताच तापानं मेलेलं लेकरू." आणि मग माझ्याकडे न पाहता, "मंग चिमीवर कोप कोणाचा झाला?"

तेव्हा मला कळलं की माझी आई दहा वर्षं काय उराशी धरून बसली होती. नारळ उशिरा आणते म्हणाली, म्हणून देवीनं लेकरू नेलं, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. कुणाला बोलली नव्हती. बाला नाही, तिच्या आईला नाही. मी म्हणाले, "कुणाचाच नाही माय. कोप नव्हताच."

ती बसली. दगडावर हात फिरवला, मी घासलेल्या अक्षरांवर. "काय काय लिवलं आहे? सारं सांग."

मी सांगितलं. नाव. वय. अमक्याची आणि अमकीची मुलगी.

"मायचं नाव बी लिवलं?"

"हो. बापाचं आणि मायचं, दोघांचं."

"हे लोक गेले असतील ना आपल्या देशात?"

"केव्हाच."

"तरी तुले कळलं ती कोणाची होती." माय उठली. तो दुसरा नारळ तिनं न फोडताच पिल्लाच्या पायाशी नीट टेकवून ठेवला, लेकराजवळ खेळणं ठेवावं तसा. कुंपणाबाहेर बा बंडीजवळ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, त्याला ऊन लागलं.

मंडई भरून गेली होती. बपेऱ्याकडची, सीमेपलीकडची माणसं आलेली, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणारी. गोवारी गुराख्यांची ढाल, म्हणजे सजवलेली उंच काठी, नाचत होती, डफ वाजत होते, उकडलेल्या सिंघाड्यांचे काळे ढीग वाफाळत होते. गणपतमामानं आम्हाला पाहिलं आणि लांबूनच ओरडला, "आली बाप्पा आमची कालेजवाली! आयकलं, तू मेलेल्यायचे नावं वाचून राहिली म्हणते. जितेल्यायकडे बी पाय कधी. तुह्या मामीनं मले तीन दिवस झाले जेवाले नाई पुसलं, ते लिव तुह्या वहीत."

"लिवजो वो भाची," मामी म्हणाली, "अन् हे बी लिव का तीन दिवस हे बुढे दंडारीच्या तालमीतून घरीच आले नाई. कोणाले पुसू?"

सगळे हसले. दंडार उभी राहिली, लुगडं नेसलेला एक मिशा काढलेला गडी ठुमकत सासूला शिव्या घालत होता आणि माणसं पोट धरत होती. माय माझ्या शेजारी बसली होती. तिच्या ओंजळीत सिंघाडे तसेच थंड झाले. दंडार संपायच्या आत ती उठली आणि खेळण्यांच्या दुकानाकडे गेली. लाकडी खुळखुळा निवडला, लाल-हिरव्या रेघांचा. दुकानदार म्हणाला, "नातवाले का वो बाई?"

"पोरीले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "येवढ्या मोठ्या पोरीले खुळखुळा? लगन लावा तिचं!"

भोवतीच्या बायका खिदळल्या. माय हसली नाही, रागावलीही नाही. खुळखुळा ओटीत घातला, जिलबी बांधून घेतली, आणि बाला म्हणाली, "चला. उजेड आहे तंवर पोचलं पायजे."

परतीच्या वाटेवर दिवस मावळतीला टेकला तेव्हा आमची पाळ दिसू लागली, तिच्यावरचा मोह दिसू लागला. माय आपणहून उतरली. बुंध्याशी खुळखुळा ठेवला, जिलबी ठेवली आणि नेहमीसारखी परतायच्या ऐवजी मला हाक मारली.

"कुसुम, ये इकडं. येथी दगड लावू आपून. तसाच. नाव लिवून. तू लिवजो, तुले येते. केवढा दगड लागन वो?" हे तिनं बाला विचारलं. "आपल्या पाथरवटाले सांगा ना तुमी."

बा बंडीवरच होता. कासऱ्याकडे पाहत होता.

"आयकलं का?"

"तठी नको लावू," बा म्हणाला.

"काहून?"

"नको लावू म्हन्लं ना."

"पैसे लागते म्हणून? मी माह्या पाटल्या देतो."

"ती तठी नाई."

बैलांनी मान हलवली, घंटा वाजली. माय झाडाला हात लावून उभी होती. ती म्हणाली, "मी पायलं होतं. तुमी येथूनच आले होते. मोहाचं पान होतं खांद्यावर."

"येथून आलो. येथी टेकलो होतो घडीभर. पाय चालत नव्हते." बा खाली उतरला. "चल. दावतो."

तो आम्हाला पाळीवरून पुढं घेऊन गेला. एका ठिकाणी थांबला, दोन पावलं मागं सरला. रोज संध्याकाळी बा इथंच येऊन उभा राहायचा. आम्ही समजायचो, पाणी किती आहे ते बघतो. त्यानं हात लांब केला. "तो किल्ल्याचा बुरूज पाय. अन् खालचा तो पिंपळाचा शेंडा. दोन्ही एका रेघेत आले का तीच वाट. तेथून सरळ दोन कासऱ्यायएवढं आत."

समोर पाणी होतं. कार्तिकातला भरलेला तलाव, कमळाची पानं, सिंघाड्याचे वेल, त्यांच्यावर मावळतीचा तांबूस उजेड.

"तवा नाल्याचा काठ होता तो," बा म्हणाला. "पाणी तेथवर येत नव्हतं. तीन धोंडे ठेवले, बोराटीचे काटे लावले. मंग दुष्काळी काम निंगालं, पाळ उंच झाली, पाणी चढलं."

माय पाण्याकडे पाहत म्हणाली, "तुमी पाळ बांधली."

"हो."

"मी टोपल्या वाह्यल्या."

"हो."

"ह्या पोरीनं बी वाह्यल्या."

माय त्याच्याकडे वळली.

"मले सांगाचं नाई?"

"सांगून काय झालं असतं वो?" बाचा आवाज फुटला. मी त्याला तसा पहिल्यांदा ऐकला. "तू हात नसता लावला मातीले. मी बी नसता लावला. मंग हे कुसुम काय खात होती? एक गेली होती. दुसरी बी जाऊ द्याची का?"

मी ती सुकडी खाल्ली होती, दोन्ही हातांनी. माती दाबून नाचले होते.

माय रडली नाही. ती माघारी गेली, मोहाखालचा खुळखुळा उचलून आणला. "येवढे साल मुंग्यायलेच खाऊ घातला मी," असं काहीसं पुटपुटली आणि तिनं तो खुळखुळा पाण्यात फेकला. लाकडाचा होता. बुडाला नाही. लाटांवर डुलत, आतल्या खड्यांचा बारीक आवाज करत तो परत काठाकडे येऊ लागला. माय त्याच्याकडे पाहत राहिली आणि तिचा चेहरा चिरगुटासारखा पिळून निघाला.

तेव्हा बानं धोतराचा कासोटा खोचला, काठाकडे आलेला खुळखुळा उचलला आणि तो पाण्यात उतरला. थंडी पडू लागली होती. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत गेला. वेल हातांनी बाजूला सारत, मधेच वळून बुरूज बघत, पिंपळ बघत. एका जागी थांबला. वाकला, पाण्याखाली गेला. मी श्वास मोजत होते. वर आला तेव्हा हात रिकामे होते. गाळात पायानं दाबून आला, असं त्यानं नंतर सांगितलं. काठावर आला तेव्हा तो थरथरत होता. मायनं आपल्या पदरानं त्याचं डोकं पुसलं. त्या दोघांना एकमेकांना हात लावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सरांना मी वही दिली. शिपायांच्या कबरी, गोंडांचे दगड, गोऱ्या साहेबांची थडगी, सगळं उतरवलेलं. सरांनी वर्गात वाचून दाखवली. शेवटचं पान, चिमीच्या जागेचं, मी फाडून ठेवलं होतं, ते माझ्याजवळ आहे.

पुढच्या वैशाखात तलाव खाली गेला, गाळ उघडा पडून त्याला भेगा गेल्या. बा रेघ धरून चालत गेला, माय त्याच्या मागून. बायकांनी जायचं नसतं हे कुणी काढलं नाही. बोराटी कधीच कुजली होती, पण वीतभर गाळाखाली तीनही धोंडे सापडले. खुळखुळा नाही सापडला. पाथरवटानं काळा दगड घडवून दिला, मी खडूनं अक्षरं काढली आणि त्यानं ती छिन्नीनं कोरली : चिमी. माय सगुणा. बा तुळशीराम. दीड वर्षं. तो दगड पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात वर येतो. बा त्यानंतर संध्याकाळी पाळीवर जायचा बंद झाला. मेंढीमायजवळ बायका अजून नारळ फोडतात. मी पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही.

माय शेवटपर्यंत निरक्षर राहिली. पण कागदावर कुठंही, वर्तमानपत्रात, पिशवीवर, 'चि' दिसला की तिचं बोट तिथं थांबायचं.

मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली. मग शिक्षिका झाले, तीस वर्षं मुलांना अक्षरं काढायला शिकवली. आणि चिमी कुठं आहे, हे मायला कळलं.